एकच टोला

अंगामच्या सणाच्या दिवशी सकाळी माझी मुलगी एइरू मला एक प्रश्न विचारते. ती फ्रॉक घालायची तेव्हापासून विचारते. आता तिच्या मुली फ्रॉक घालतात, तरी विचारतेच.

“आई, मी कितवी?”

आणि मी दरवर्षी खेकसते, “मला हिशेब येत नाही. मासा उलट, करपेल.”

यंदाही तिने विचारलं, यंदाही मी खेकसले. पण यंदा तिने मासा उलटला नाही. हातात उलथनं धरून तशीच उभी राहिली. “आत्याआजी गेली,” ती म्हणाली, “आता तुझ्याशिवाय सांगणारं कोण आहे?”

आत्याआजी म्हणजे माझी आत्या, माझ्या वडिलांची बहीण एइगोडा. जिभेचा पट्टा शेवटपर्यंत चालू ठेवून ती काही महिन्यांपूर्वी गेली. तिच्याशिवायचा हा पहिला अंगाम. मासा करपू लागला होता. मी तो स्वतःच उलटला आणि म्हटलं, बस तिथे.

आमचं बेट ते केवढं! एकच रस्ता, किनाऱ्याकिनाऱ्याने गोल फिरणारा. चहा ओतून गाडीने निघालात तर तो निवायच्या आत पुन्हा आपल्याच दारात. एवढ्याशा जागेवरच्या माणसांचं जगणं-मरणं एका आकड्याला टांगलेलं होतं. दीड हजार. दीड हजारांच्या खाली जी जमात जाते ती टिकत नाही, असं जाणत्यांनी सांगून ठेवलं होतं. लढाईच्या आधी एकदा आम्ही तो आकडा गाठला होता, तेव्हापासून हा सण. मग जपानी आले आणि आमच्यातल्या बहुतेकांना बोटींत कोंबून तारिक नावाच्या दूरच्या बेटावर घेऊन गेले. तिथे खड्डे खणता खणता, उपाशी, कितीतरी माणसं गेली. माझी आई आणि धाकटा भाऊ तिथल्याच मातीत राहिले. मी आणि बाबा परत आलो. अंगाम म्हणजे आमच्या बोलीत घरी पोचणं. पण पोचून बघतो तर आम्ही पुन्हा दीड हजारांच्या पुष्कळ खाली.

मग सगळ्यांना मोजण्याचं वेडच लागलं. रस्त्यात भेटलेला माणूस “कसं काय” म्हणत नसे, “किती झाले?” म्हणून विचारी. रविवारी प्रार्थना झाली की आमच्या भागाचा मुखिया उठून आकडा सांगायचा. वाढला असेल तर टाळ्या, घटला असेल तर उसासे. मेलेल्याच्या घरच्यांना लोक डोळे पुसता पुसता असं बघायचे की त्यांनीच काही निष्काळजीपणा केला असावा.

अशात मला दिवस गेले. माझं पोट माझं राहिलंच नाही, सगळ्या बेटाचं झालं. ज्या बाया मला कधी ओळख देत नसत त्या वाटेत थांबवून पोटावर हात ठेवत. सासूबाई तर हवेत होत्या. “आकडा आमच्याच घरात पुरा होणार,” त्या सांगत सुटल्या होत्या. बेटाच्या पलीकडच्या बाजूला आणखी एक बाई माझ्याच आगेमागे होती. तिचं नाव निघालं की सासूबाई नाक मुरडायच्या. “तिचं? तिचं अजून फार लांब आहे. चालते बघ कशी, खेळायला निघाल्यासारखी.”

आणि नेमके तेव्हाच बाबांनी अंथरूण धरलं.

बाबांचं नाव देनोगा. तारिकहून येताना छातीत काहीतरी घेऊन आले होते, ते आता वर आलं. तरुणपणी ते पक्षी पाळायचे. समुद्रावर उडणारे ते लांब पंखांचे काळे पक्षी, त्यांना पकडून, हाताने मासे भरवून माणसाळवायचं, हा आमच्याकडच्या पुरुषांचा जुना मान. किनाऱ्यावर लाकडाचा उंच माच बांधायचा आणि त्यावर पक्षी बसवायचे. लढाईत पक्षीही गेले आणि माचही. परत आल्यावर बाबांनी आधी घर नाही बांधलं, माच बांधला. तीन वर्षं तो रिकामाच होता. आता त्यांना आमच्या ओसरीवर निजवलं होतं, माच दिसेल असं. ते त्या रिकाम्या लाकडाकडे बघत खोकायचे.

सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुझ्या वडिलांना सांग, जरा दम धरा म्हणावं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय, कळत नाही का तुला? इकडे एक आलं आणि तिकडे एक गेलं तर जमलं काय? घोडं तिथंच.”

मला कळलं होतं. कळूनही कळेनासं झालं होतं. बाबा जगावेत असं मला वाटत होतं, ते बाबा म्हणून की एक म्हणून? रात्रंदिवस हेच डोक्यात. पोटात बाळ लाथ मारायचं, बाहेर बाबांचा खोकला ऐकू यायचा, आणि त्यातलं कोणतं आधी, कोणतं नंतर, माझं मलाच समजेना.

बातमी पसरली. मग बाबांच्या उशाशी रीघ लागली. कुणी नारळाच्या दुधातला मासा आणला, कुणी केवड्याच्या फळाची वडी, कुणी लपवूनछपवून ताडी. दोन वर्षं ज्याने बाबांशी होडीवरून अबोला धरला होता तोही कोंबडी घेऊन आला. “देनोगा, खा रे बाबा. ताकद धर.”

आत्या पंखा हलवत शेजारी बसलेली असायची. ती ऐकवायची, “धडधाकट होता तेव्हा होडी देत नव्हतास. आता मरूही देत नाहीस. बरं आहे तुझं.”

बाबा खोकत हसायचे. “चालू दे गं. इतकं चांगलं जेवण मला लग्नातही मिळालं नव्हतं.”

एका रविवारी मुखियाने चर्चमध्ये सांगितलं, की आता एकच. एकच माणूस कमी. लोक टाळ्या वाजवायचे विसरले. मग सगळ्यांच्या माना वळल्या, आधी माझ्या पोटाकडे आणि मग, मी शपथेवर सांगते, आमच्या घराच्या दिशेला.

दुपारी मुखिया स्वतः आला. टोपी काढून बाबांच्या जवळ बसला. “काका,” तो म्हणाला, “एवढा आठवडा काढा. पोरं घंटेच्या दोरीला हात लावून बसली आहेत.”

बाबांनी माचाकडे बोट केलं. “तुझ्या आजाने पक्षी पाळले होते ना? मग तुला ठाऊक असेल. रानटी पक्षी रिकाम्या माचावर उतरत नाही. आधी एक पाळलेला, पायात दोरी बांधून तिथे बसवावा लागतो. त्याला बघून दुसरा खाली येतो.” मग छातीवर हात आपटून म्हणाले, “बसवलंय तुम्ही मला. दोरी तेवढी जरा सैल बांधा.”

हसावं की नको ते मुखियाला कळेना. तो अर्धवट हसला, टोपी घातली, पुन्हा काढली आणि निघून गेला.

तो गेल्यावर बाबांनी मला हाक मारली. मी पोट सावरत कशीबशी खाली बसले.

“खरं सांग पोरी. तुला मी हवाय की आकडा?”

किती सोपा प्रश्न होता. कुठल्याही मुलीने एका दमात उत्तर दिलं असतं. मी बाबांचा हात धरला आणि म्हटलं, “मला काही कळत नाही हो बाबा.”

“मलाही नाही,” ते म्हणाले. “तुझी आई तिकडे एकटी आहे. ती म्हणते, ये. हे म्हणतात, थांब. तिला कुणी मोजलं नाही बघ. मी मोजलं तर आपण केव्हाच दीड हजाराच्या पार आहोत.” आणि डोळे मिटून पडून राहिले.

दोन दिवसांनी सकाळी माझं पोट दुखू लागलं. सुईण आली. मी आतल्या खोलीत, बाबा बाहेर ओसरीवर, मधे नुसती चटई टांगलेली. सुईणीला काही लागलं की आत्या आत यायची, पुन्हा बाहेर जाऊन बाबांना वारा घालायची. माझा नवरा जोसाया अंगणात येरझाऱ्या घालत होता. बाळ आलं की त्याने धावत चर्चकडे जायचं आणि घंटेवाल्या अमरामला सांगायचं, असं ठरलं होतं. मरणाची घंटा आमच्याकडे एकेक टोला थांबून थांबून देतात. आनंदाची असेल तर न थांबता, हात दुखेपर्यंत.

मी ओरडत होते. लाज सोडून ओरडत होते. मधूनच डोक्यात यायचं, बाहेर बाबा ऐकत असतील. आणि मग मी आणखीच ओरडायची.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा बाळ रडलं. सुईण म्हणाली, मुलगी. सासूबाईंनी खिडकीतून आरोळी ठोकली आणि जोसाया तीरासारखा सुटला. तेवढ्यात चटईच्या पलीकडे पंखा खाली पडल्याचा आवाज झाला. आत्या आत आली. तिने बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तो गेला.”

सासूबाई अनवाणीच जोसायाच्या मागे धावल्या. “थांब! थांबव त्याला! वाजवू नकोस!”

चर्च आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. अमरामने दोरी ओढली होती. एक टोला पडला आणि सासूबाईंची हाक त्याच्या कानात गेली. त्याने घाबरून दोरी सोडून दिली.

एकच टोला. ना मरणाचा, ना आनंदाचा. लोकांनी दुसऱ्याची वाट पाहिली. दुसरा पडेना. मग जो तो आपापल्या समजुतीने निघाला. काही जण फुलांच्या माळा घेऊन गात आले, काही जण डोक्याला पंचा बांधून रडत आले, आणि आमच्या अंगणात दोघांची गाठ पडली. गाणारे रडणाऱ्यांकडे बघून गप्प झाले, रडणारे माळा बघून गोंधळले. एक म्हातारी माझ्या गळ्यात माळ घालून मोठ्याने रडली. एकाने जोसायाचं अभिनंदन केलं, आणि मग जीभ चावून त्याला मिठीच मारली. होडीच्या भांडणातला तो शेजारी पुन्हा कोंबडी घेऊन आला होता. कुणासाठी आणली असं विचारल्यावर त्याला सांगता येईना.

मुखिया आला. सगळे त्याच्याभोवती जमले. “आधी कोण?” त्याने आत्याला विचारलं. “पोर आधी आलं असेल तर निदान क्षणभर तरी आपण पुरे झालो होतो. मग तो अंगाम धरायचा की नाही, ते वडीलधाऱ्यांना विचारू. नीट आठवून सांग.”

आत्या बाबांच्या उशाशी बसली होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. “मी माझ्या भावाकडे बघत होते. तुझ्या आकड्याकडे नाही.”

“तरी पण, मावशी...”

“हवा असेल हिशेब तर माझा घे,” आत्या म्हणाली. “वामीच्या घरात पाळणा हलला, माशाच्या घरातला पुरुष गेला. आमचा एक कमी आणि त्यांची एक जास्त. तुमचं बेट बसू दे जिथल्या तिथे.”

हे मला फार लागलं. आमच्यात मूल आईच्या कुळाचं. मी आईकडून वामीच्या, म्हणजे सापासारख्या लांब माशाच्या, कुळाची, म्हणून माझी मुलगीही वामीची. बाबा आणि आत्या काळ्या माशाच्या कुळाचे. आत्याला सगळे मुलगेच, तेव्हा तिच्या घरात माशाचं कूळ तिच्याबरोबर संपणार होतं. ती खोटं काही बोलली नव्हती. पण माझी पोर तासाभराचीही झाली नव्हती आणि तिच्यावर एक माणूस खाल्ल्याचा आळ आला होता. सासूबाई भिंतीला डोकं टेकून म्हणत होत्या, “अर्धा दिवस! अर्धा दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं?” आणि एवढं बोलून त्याच सगळ्यांत जास्त रडल्या.

दुसऱ्या दिवशी बेटाच्या पलीकडे त्या दुसऱ्या बाईला मूल झालं. आकडा पुरा झाला. सगळ्या चर्चच्या घंटा एकदम वाजू लागल्या, थांबेचनात. त्याच दुपारी बाबांना पुरायला नेत होते. आमच्याकडे रस्ता एकच, गोल. इकडून बाबांची पेटी निघाली आणि तिकडून नाचणाऱ्यांची मिरवणूक, ती समोरासमोर आली. एकमेकांना टाळून जाणार कुठे? एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खडक. नाचणारे थांबले. कुणीतरी आपल्या गळ्यातली माळ काढून पेटीवर ठेवली. मग दोन्ही घोळके एकमेकांतून वाट काढत गेले, आणि पलीकडे निघाल्यावर कळलं, की पेटीमागची काही माणसं नाचणाऱ्यांत गेली आहेत आणि नाचणाऱ्यांतली काही पेटीमागे येत आहेत. हे जोसायाने मला सांगितलं. मी घरी पडून होते. घंटा ऐकत बाळाला पाजत होते आणि रडत होते. कशासाठी, ते तेव्हाही कळलं नाही.

त्यानंतर जो अंगाम आला त्या दिवशी आत्या आमच्या दारात उभी. सहा-सात महिने तिने आमचं तोंड पाहिलं नव्हतं. हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट. भाजलेला पक्षी, मासा, भात. तिने ते रांगणाऱ्या एइरूपुढे ठेवलं. “देनोगाचं आहे,” ती म्हणाली आणि चालती झाली. बसली नाही, बोलली नाही. तेव्हापासून दर अंगामला ताट येत राहिलं. एइरू आपलं ताट खायची आणि वर आजोबाचं खायची. तिचा आजचा घेर काही उगाच नाही झाला.

एवढं सगळं मी एइरूला यंदा पहिल्यांदाच सांगितलं. ताट तिला ठाऊक होतं. टोला ठाऊक नव्हता.

तिने उलथनं खाली ठेवलं. मग म्हणाली, “आत्याआजीने मला दवाखान्यात सांगितलं होतं.”

“काय?”

“की मी आधी आले. माझं रडणं आजोबांच्या कानावर पडलं, ते हसले आणि मग गेले. म्हणाली, तेवढा वेळ अख्खं बेट पुरं होतं आणि ते तुझ्यामुळे होतं. कुणाला सांगू नकोस, तुझ्या आईला तर नाहीच.”

माझ्या हातातली पळी तिथेच राहिली. कारण जायच्या आठवड्यात आत्याने मलाही जवळ बोलावलं होतं. एइरूला औषध आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवून मला म्हणाली होती, “तो आधी गेला गं. पुष्कळ आधी. तू नुकती ओरडायला लागली होतीस. मी रडले असते तर तू आत खचली असतीस. म्हणून पंखा थांबवला नाही, वारा घालत राहिले. तुझं ओरडणं त्याने ऐकलं नाही. कुणाच्या आकड्यासाठी तो थांबला नव्हता आणि कुणामुळे गेलाही नाही. तू ते मनातून काढून टाक.”

ते ऐकून मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा शांत झोपले होते.

मी हे एइरूला सांगितलं.

“मग खरं कोणतं?” एइरूने विचारलं.

“एकीला खोटं सांगितलं असेल.”

“कुणाला?”

“मला काय माहीत? दोघींनाही सांगितलं असेल. ती सारखी आत-बाहेर करत होती. तिला स्वतःला तरी कुठे कळलं असेल?”

“म्हणजे मी पुन्हा तिथेच,” एइरू म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. मग दाराकडे बघितलं. ताट यायची वेळ झाली होती आणि ते येणार नव्हतं. ती माझी एवढी मोठी मुलगी, दोन लेकरांची आई, दाराकडे अशी बघत होती की मला राहवेना. मी उठले, दुसरं ताट घेतलं, त्यात भात वाढला, मासा वाढला आणि पक्ष्याचा चांगला तुकडा ठेवला. वर केळीचं पान झाकलं.

“आई, वामीच्या बाईने माशाचं ताट वाढायचं? चालतं का हे?”

“अडवणारी गेली. आता कोण अडवतंय?”

मी ते ताट तिच्यापुढे ठेवलं. तोंडातून शब्द निघेपर्यंत मला वाटत होतं की ते जमणार नाही, पण जमलं. “देनोगाचं आहे,” मी म्हटलं. ‘मी हवाय की आकडा?’ याचं जे उत्तर मला बाबांना देता आलं नव्हतं ते द्यायला इतकी वर्षं लागली, आणि तेही मी दुसऱ्याच कुणाला दिलं.

तेवढ्यात चर्चची सणाची घंटा सुरू झाली. एक टोला पडला. दर अंगामला पहिल्या टोल्यानंतर माझा श्वास अडकतो. घरात कुणाला कधी कळलं नव्हतं, मी कळू दिलं नव्हतं. यंदा पाहिलं तर एइरूचा हात ताटावरच थांबला होता. तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

मग दुसरा टोला पडला, तिसरा पडला, आणि आम्ही जेवायला लागलो.